बोबोचे डास, पुण्याची लस आणि आखूड धागा

सरकीपेंड (धागाकर्ता) | रवि, रात्री १०:४२

मंडळी, नमस्कार. ऑगस्ट २०२५ मधली एक बातमी डोक्यातून जात नाही, म्हणून टंकायला बसलो. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

कापसाच्या कामानिमित्त मी दोन हंगाम बुर्किना फासोत काढले. देश पश्चिम आफ्रिकेतला, समुद्र कुठल्याच बाजूला नाही. राजधानी वागादुगू, पण कापसाचं गाव म्हणायचं तर बोबो-द्युलासो. यवतमाळच्या माणसाला तिथं फार परकं वाटत नाही. दिवाळीच्या सुमारास पांढऱ्या ढिगांनी ओथंबलेले ट्रक, भुवयांपर्यंत चिकटलेला कापूस, सरकीचा तो ओळखीचा वास. आणि पावसाळा सरता सरता दर घरात तापानं फणफणलेलं एखादं पोर.

आमच्या गोदामाचा रखवालदार असाच दोन-तीन दिवस यायचा नाही. काय झालं विचारलं की एकच शब्द, "सुमाया." द्युला भाषेत मलेरियाला हाच शब्द. मूळ अर्थ गारवा, ओल. मला आपला हिवताप आठवला. दोन भाषांनी न ठरवता डासाला सोडून थंडीला पकडलं! पण यातून एक भानगड होते. शब्दात डासच नाही. पावसात भिजलं, तेलकट खाल्लं, आंबे जास्त झाले की सुमाया होतो असं मानणारी माणसं तिथं आहेत (आंब्याचं ऐकून मला हसू आलं, मग आमची आजी आंब्यानं गळवं येतात म्हणायची ते आठवलं आणि गप्प बसलो). अशा गावात जाऊन "आम्ही डासांमध्ये बदल करून सुमाया कमी करणार" म्हटलं, तर ऐकणाऱ्याला आधी डासाची नि तापाची गाठ घालून द्यावी लागते. जनुक वगैरे फार पुढची गोष्ट.

बोबोत आयआरएसएस ही तिथल्या सरकारची आरोग्यसंशोधन संस्था आहे. तिथले कीटकशास्त्रज्ञ अब्दुलाय दियाबाते यांची बरीच वर्षं डासांच्या थव्यांवर गेली. संध्याकाळी सूर्य कलला की नर डास ठरावीक जागी, ठरावीक उंचीवर थवा करून घोंघावतात, माद्या तिथं येतात आणि हवेतच जोड्या लागतात. कुठल्या गावात कुठल्या उकिरड्यावर थवा जमतो हे या मंडळींना तोंडपाठ. 'टार्गेट मलेरिया' हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प बुर्किनात त्यांच्याच नेतृत्वाखाली चालला. २०१६ च्या नोव्हेंबरात लंडनहून जनुकबदल केलेल्या डासांची अंडी आली, बोबोच्या बंदिस्त कीटकशाळेत वाढवली, आणि १ जुलै २०१९ ला जवळच्या बाना गावात सहा हजारांवर नर सोडले. आफ्रिकेत असं पहिल्यांदाच होत होतं. नर चावत नाहीत, आणि हे नर नापीक होते, म्हणजे पुढची पिढीच नाही. अंगावर रंगीत भुकटी टाकून सोडले, मग थव्यांतून आणि घरांतून पकडून मोजले. किती जगतात, किती लांब उडतात, एवढंच पाहायचं होतं. मलेरिया कमी करणं हा त्या सोडण्याचा हेतूच नव्हता, आणि हेच गावाला समजावणं सगळ्यात कठीण. "मग सोडता कशाला?" हा प्रश्न मीही विचारला असता.

समजावण्याचं काम २०१२ पासून, म्हणजे डास सोडण्याआधी सात वर्षं चाललं होतं. द्युलात नसलेल्या शब्दांसाठी भाषातज्ज्ञांना धरून शब्दावली केली. नाटकं केली. गावानं एकत्र बसून संमती द्यायची, शिवाय ज्याच्या घरात डास पकडायला जायचं त्याची वेगळी लेखी संमती घ्यायची.

आता दुसरी बाजू. त्याच देशात, त्याच संस्थेखाली नानोरो नावाचं गाव आहे, वागादुगूपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. आपल्याकडच्या आडवळणाच्या तालुक्यासारखं. तिथं हालिदू तिंतो यांनी संशोधन केंद्र उभं केलं. ऑक्सफर्डमध्ये तयार झालेल्या आर२१ लशीची कळीची चाचणी इथं झाली. ५ ते १७ महिन्यांची ४५० मुलं. मलेरिया तिथं पावसाबरोबर येतो नि पावसाबरोबर जातो, म्हणून तीन डोस पावसाच्या तोंडावर द्यायचे असं गणित बसवलं. एका वर्षात ७७ टक्के परिणामकारकता दिसली. जागतिक आरोग्य संघटनेनं ७५ टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं, ते ओलांडणारी ही पहिलीच. पुढं बुर्किना, माली, केनिया आणि टांझानियात मिळून ४,८०० मुलांवर चाचणी झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली. ही लस बनते कुठं? पुण्यात, सीरममध्ये. कोरोनात आपण कोविशील्डच्या गप्पा हाणल्या, पण नानोरो हे नाव पुण्यात किती जणांनी ऐकलं असेल?

तर बातमी. ऑगस्ट २०२५ मध्ये दियाबातेंच्या गटानं सुरुकुडिंगान या दुसऱ्या गावात पुढच्या टप्प्याचे डास सोडले. सरकारी परवानगी होती. दहा-बारा दिवसांत लष्करी सरकारनं सगळं काम थांबवलं, कीटकशाळेला टाळं लागलं, नमुने नष्ट करायचा आदेश निघाला. आधी समाजमाध्यमांवर "पाश्चात्त्यांचे डास, आपल्याला वांझ करणार" या थाटाचा भडिमार झालाच होता.

माझा प्रश्न साधा आहे. माणसं तिथलीच, भाषा तिथली, गावाला विचारून केलेलं, कागदपत्रं पूर्ण. मग मोडलं कुठं?

उत्तराचा एक तुकडा मला कापसात दिसतो. बुर्किनानं २००८ पासून बीटी कापूस लावला, फवारण्या सहावरून दोनवर आल्या, शेतकरी खूश होते. पण रुईचा धागा आखूड निघाला आणि उताराही (कापसातून निघणाऱ्या रुईचं प्रमाण) घटला. बुर्किनाचा कापूस लांब धाग्यासाठी नावाजलेला, जगाच्या बाजारात भाव त्याच गुणावर. स्थानिक वाणाशी पुरेशा पिढ्या संकर करून मूळ गुण परत आणायला हवे होते, ते घाईत झालं नाही असं नंतर अभ्यासकांनी लिहिलं. २०१६ पासून कापूस कंपन्यांनी बीटी बाजूला ठेवला. म्हणजे बोबोच्या माणसानं 'जनुकबदल' हा शब्द डासांबरोबर पहिल्यांदा ऐकलेला नाही. तो शब्द त्यानं एकदा वजनकाट्यावर ऐकलेला आहे.


ढोबळी_मिरची | रवि, रात्री ११:१५

वाचनखूण साठवली. शेवटचं वाक्य आवडलं. सावकाश लिहिते.


शंकासूर | रवि, रात्री ११:५८

लेख छान, पण 'तिथल्याच माणसांच्या नेतृत्वाखाली' हे जरा जपून वापरा भाऊ. अंडी लंडनची. पैसा गेट्स फाउंडेशनचा. लशीचं डोकं ऑक्सफर्डचं, कारखाना पुण्याचा. बुर्किनाचं काय? मुलं आणि डास! आपल्या गल्लीतल्या गणपतीची वर्गणी सगळी बाहेरच्या बिल्डरनं दिली तर अध्यक्ष कोण हे पावतीपुस्तकात बघावं लागत नाही.


सरकीपेंड | सोम, सकाळी ७:१०

@शंकासूर, पैशाचं मान्य. पण 'मुलं आणि डास' हे अन्यायाचं आहे. डोस पावसाच्या तोंडावर द्यायचे तर पाऊस कधी येतो, ताप कधी चढतो, घरात मुलं किती, मेली किती, ही नोंद वर्षानुवर्षं कुणीतरी ठेवलेली असावी लागते. नानोरोत घरोघरची नोंद २००९ पासून आहे. ऑक्सफर्डच्या कुपीत हे नसतं. थव्यांचंही तसंच. लंडनच्या प्रयोगशाळेत पिंजरा असतो, उकिरडा नसतो.

गणपतीच्या दाखल्यावर मात्र निरुत्तर. हसलो.


वढूचा_वाटाड्या | सोम, सकाळी ९:३४

घरोघरच्या नोंदीवरून लिहितो. आमचं गाव शिरूर तालुक्यात, वढू बुद्रुकच्या पट्ट्यात. पुण्याच्या केईएमचं संशोधन केंद्र आमच्याकडं २००२ पासून २२ गावांची अशीच नोंद ठेवतं. जन्म, मृत्यू, कोण आलं, कोण गेलं. लहानपणी ताई रजिस्टर घेऊन यायच्या, नंतर टॅब आला. आई त्यांना आधी चहा आणि मग माहिती द्यायची.

गंमत सांगतो. अशी नोंद ठेवणाऱ्या केंद्रांचं 'इन्डेप्थ' नावाचं जाळं आहे, त्याचं मुख्यालय घानाच्या आक्रात. नानोरो त्यात, केनियातलं किलिफी त्यात, आणि आमचं वढूही त्यात! म्हणजे आमच्या आजीचा मृत्यू ज्या पद्धतीनं कागदावर चढला, ती पद्धत आक्राच्या जाळ्यातली. हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर आम्हाला वाटायचं मतदारयादीचं काम आहे.


आडवाटेची_आत्या | सोम, दुपारी २:२०

@वाटाड्या, 'मतदारयादीचं वाटायचं' हेच तर दुखणं आहे रे. बावीस गावं वीस वर्षं माहिती देतात आणि ती कशासाठी हे पोराला कॉलेजात कळतं.

मी बालरुग्णांत काम केलंय, म्हणून लशीची आणि डासाची संमती वेगळी का, त्यावर लिहिते. लस नको असेल तर आई बाळ उचलून घरी जाते. विषय संपला. डास सोडले की नको म्हणणाऱ्या घरातही डास जातो. शेजारच्या गावात जातो, ज्यांना कुणी विचारलंच नाही. बानातल्या माणसांनी सही केली ती त्यांच्या घरात येऊन डास पकडण्यावर. डास उडण्यावर कोण सही करणार? मग 'गावाची संमती' असं काहीतरी करावं लागतं, आणि गावाची संमती म्हणजे शेवटी कुणाची हे आपल्याला ग्रामसभेवरून चांगलं ठाऊक आहे. मागच्या ओटीवर बसलेल्या बायकांचा हात वर जातो का?

म्हणून नानोरोचं यश घेऊन बानाकडं बोट दाखवता येत नाही. एकीकडं हजार आयांना वेगवेगळं पटवायचं आहे, ते जमतं. दुसरीकडं सबंध देशाला एकदम पटवायचंय, आणि देश एकट्या द्युलात बोलत नाही.

बरं, नेतृत्वाचं. शंकासूरांनी झाँ-जाक मुएम्बे यांचं नाव ऐकलंय का? काँगोचे विषाणुशास्त्रज्ञ. १९७६ मध्ये याम्बुकूला अनोळखी तापानं माणसं मरत होती तेव्हा किन्शासाहून हे गेले, हातमोज्यांशिवाय रक्त घेतलं, आजारी ननला बरोबर घेऊन आले. तिचं रक्त थर्मासमधून बेल्जियमला गेलं आणि इबोला सापडला. पुढची कितीतरी वर्षं शोधाच्या गोष्टीत बेल्जियम आणि अमेरिका होती, मुएम्बे नव्हते. १९९५ मध्ये किक्विटच्या साथीत त्यांनी बऱ्या झालेल्यांचं रक्त आठ रुग्णांना दिलं, सात वाचले. बाहेरच्यांनी तेव्हा मान डोलावली नाही, पण त्याच साथीतल्या एका वाचलेल्या माणसाच्या रक्तातून पुढं प्रतिपिंडाचं औषध निघालं. त्याची चाचणी २०१८-१९ च्या साथीत काँगोतच झाली आणि २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तोवर मुएम्बेंनी ठरवून टाकलं होतं की इबोलाचे नमुने आता काँगोतच राहणार. थर्मास एकदाच जातो.


माळरान | सोम, दुपारी ३:०५

आत्या, 'थर्मास एकदाच जातो' +१


शंकासूर | सोम, दुपारी ४:४१

मुएम्बेंना साष्टांग. पण आत्या, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. संमती मोकळी तेव्हा, जेव्हा नाही म्हणायची सोय असते. ज्या गावात दर पावसाळ्यात पोरं दगावतात तिथं कुणी 'डास कमी करू' म्हणत आलं तर गाव नाही कसं म्हणेल? आणि सरकारनं बंद केलं तर लगेच 'अडाणी, अफवा' असं का? लष्करी सरकार आहे हे मान्य, पण परक्याचा पैसा, परक्याचा जीव आपल्या शिवारात नको असं एखाद्या देशानं म्हटलं तर तोही 'आफ्रिकेचा आफ्रिकेनं घेतलेला' निर्णयच की.


संपादक | सोम, सायं. ५:३०

वैयक्तिक रोखाचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. डासांवर बोला, एकमेकांवर नको.


जुनी_रद्दी | सोम, रात्री ८:१२

अडाणी कुणीच नाही म्हणत. पण हे नाटक आपण पन्नास वर्षांपूर्वी पाहिलंय, पात्रं फक्त वेगळी. मी वर्तमानपत्रात होतो, म्हणून आठवतं.

दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि आपल्या आयसीएमआरचं डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं केंद्र होतं. दिल्लीजवळच्या खेड्यांत क्यूलेक्स जातीच्या डासांचे वांझ नर सोडले, १९७५ च्या सुरुवातीला सोनीपतमध्ये एडिस जातीचे डास सोडायची तयारी झाली होती. पैसा अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेचा. पत्रकारांनी विचारलं, एडिस पीतज्वर पसरवतो, पीतज्वर भारतात नाही, मग अमेरिकेला एडिसमध्ये एवढा रस का? जैविक युद्धाची तालीम तर नव्हे? संसदेच्या लोकलेखा समितीनं अहवालात झोडपलं. सोनीपतचं ऐनवेळी थांबलं आणि केंद्रही बंद झालं. शास्त्रज्ञ म्हणत राहिले की आरोप निराधार आहेत. पण खेड्यांत आणि वृत्तपत्रांत नीट बोलायला ते उठले तोवर शेवटची घंटा झाली होती.

त्याच अहवालात आपल्या मुंबईच्या बीएनएचएसचाही (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) समाचार होता. पक्ष्यांना कडी अडकवून स्थलांतर बघायचं काम, आणि पैसा अमेरिकी लष्कराच्या खात्याचा. पक्षी खरे, कड्या खऱ्या, सलीम अलींची निष्ठा खरी. पण पावतीवर लष्कर! तेव्हा बुर्किनाच्या माणसाला संशय आला म्हणून आपण भुवया उंचावू नयेत. आपल्याला आला होता, आणि आपल्याकडं तेव्हा निवडून आलेली संसद होती.

फरक एकच. दिल्लीच्या प्रयोगात शास्त्रज्ञ आधी आणि संवाद नंतर, खरं तर नव्हताच. बानात सात वर्षं आधी. तरी शेवट तोच झाला, हे मला जास्त अस्वस्थ करतं.


ढोबळी_मिरची | सोम, रात्री ८:४०

दिल्ली कशाला, जालना बघा. बदनापूर तालुक्यात दावलवाडीला २०१७ मध्ये जनुकबदल केलेल्या एडिसच्या पिंजऱ्यातल्या चाचण्या सुरू झाल्या होत्या. माझं माहेर जालना. घरी विचारलं तर कुणालाच पत्ता नाही! बानातल्या बाईला माझ्यापेक्षा जास्त सांगितलं होतं म्हणायचं.


नाना_वऱ्हाडी | सोम, रात्री ९:२७

सरकीभाऊ, बीटीचं लयच बरोबर लिवलं. आमच्या इकडं उलटं झालं न बापा. धाग्याचं कोनी इचारलंच नाही, बोंडअळी परत आली तवा डोळे उघडले. बुर्किनावाल्यायनं निदान धागा मोजला. मोजाले घरचा मानूस पायजे, इकत आनलेला मानूस इकत आनलेल्याचंच माप लावते.


खडू_फळा | सोम, रात्री १०:०३

मी शाळेत विज्ञान शिकवलं, मराठीतून. त्यामुळे मला या सगळ्यात शब्दावलीचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तोच आपण दोन ओळींत उरकतो.

दक्षिण आफ्रिकेतले सिबुसिसो बियेला झुलू भाषेत विज्ञान लिहितात. २०१८ मध्ये त्यांच्या देशात एक अवाढव्य डायनोसॉर सापडला, बारा टनांचा. नाव ठेवलं लेडुमाहादी माफुबे, म्हणजे सेसोथो भाषेत 'पहाटेचा प्रचंड गडगडाट'. (आपल्याकडच्या नावांत असं काव्य का नसतं?) बियेला झुलूत बातमी लिहायला बसले आणि अडले. झुलूत डायनोसॉर नाही. जीवाश्म नाही. शेवटी 'प्राचीन काळचा प्राणी' अशी वाट काढावी लागली. मला हे वाचून आमची स्टाफरूम आठवली. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द आम्ही कोरीव काम करून बनवला आणि मग मुलं तो पाठ करून विसरली. शब्द असणं वेगळं, तो तोंडात बसणं वेगळं. हिवताप तोंडात बसलाय, कारण कुणा समितीनं केलेला नाही.

तिकडं 'मसाखाने' नावाचा तरुण संगणकतज्ज्ञांचा गट आहे, नावाचा झुलूतला अर्थ 'मिळून बांधू'. आफ्रिकी भाषांत यंत्रभाषांतर व्हावं म्हणून २०१९ पासून झटतोय. शोधनिबंध झुलू, उत्तर सोथो, हौसा, योरुबा, लुगांडा, अम्हारिक अशा सहा भाषांत आणायचा उपक्रमही त्यांनी हाती घेतला. आपण मराठीत एक तरी शोधनिबंध आणतो का? विज्ञानकथा भरपूर आणतो.


सरकीपेंड | मंगळ, सकाळी ६:५५

फळा सर, पटलं. जीन ड्राइव्हला मराठीत काय म्हणाल? बानातल्या डासांत ते नव्हतं, पण भीती सगळी त्याचीच होती.


खडू_फळा | मंगळ, सकाळी ७:३०

'जनुकरेटा'? एक गुण पुढच्या पिढ्यांत रेटत नेणं. पण रेट्याला गर्दीचा वास येतो. विचार करतो.


केपटाऊनकर | मंगळ, दुपारी १२:४८

इकडून दोन गोष्टी सांगते. मी केप टाऊनमध्ये राहते, विज्ञानात नाही पण विज्ञानवाल्यांच्या घरात आहे (नवरा, नणंद, दोघंही).

पहिली, २०२१ चा नोव्हेंबर. बोट्स्वानात सिखुलिले मोयो यांच्या प्रयोगशाळेला कोरोना विषाणूच्या जनुकांच्या क्रमवाचनात काहीतरी विचित्र दिसलं, इकडं तुलिओ दे ऑलिव्हेरांच्या गटालाही दिसलं. २४ तारखेला दक्षिण आफ्रिकेनं जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं. २६ ला ओमिक्रॉन नाव मिळालं, आणि तोवर जगानं इकडची विमानं बंद करायला सुरुवातही केली होती. आमच्या ओळखीतल्या एकीचं लग्न राहिलं, ते सोडा. पण प्रयोगशाळांना लागणारी रसायनंही विमानानंच यायची! लवकर सांगितल्याचा दंड. त्या आठवड्यात घरी जे संवाद झाले ते इथं लिहिता येत नाहीत, संपादक उडवतील.

दुसरी, शंकासूरांच्या पावतीपुस्तकाची. आठ आफ्रिकी देशांतल्या शास्त्रज्ञांनी मिळून एचआयव्हीच्या लशीचा 'ब्रिलियंट' नावाचा प्रकल्प उभा केला होता, ग्लेंडा ग्रे यांच्या नेतृत्वात. आखणी, प्रयोगशाळा, माणसं, सगळं इथलं. पैसा यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचा, साडेचार कोटी डॉलर्स. जानेवारी २०२५ मध्ये चाचणी सुरू व्हायला काही दिवस असताना वॉशिंग्टनहून एका आदेशानं पैसा थांबला. म्हणजे बुर्किनात तिथल्याच सरकारनं टाळं लावलं, इथं परक्याच्या सरकारनं. पावती दुसऱ्याची असली की मंडप कुठल्याही बाजूनं खाली येतो.

आफ्रिकी संघानं सदस्य देशांना राष्ट्रीय उत्पन्नाचा १ टक्का संशोधनावर खर्च करायला कधीचं सांगितलंय. बहुतेक जण त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा खालीच.


शंकासूर | मंगळ, दुपारी १:१५

धन्यवाद ताई. हेच म्हणत होतो. आणि कुणी टोमणा मारायच्या आत सांगतो, भारताचा आकडा ०.६४ टक्के आहे. काचेच्या घरातून लिहितोय.


केपटाऊनकर | मंगळ, दुपारी २:०२

:) अजून एक राहिलं. आत्या म्हणाल्या ते ओटीवरच्या बायकांचं. खायेलित्शा वस्तीत 'एह-वोझा' नावाचा उपक्रम आहे. क्षयरोगावर काम करणारे शास्त्रज्ञ तिथल्या मुलामुलींना प्रयोगशाळेत नेतात, जंतू दाखवतात, आणि मग कॅमेरा त्यांच्या हातात देतात. मुलं स्वतःच्या गल्लीतल्या क्षयाच्या गोष्टी चित्रित करतात. त्यात पत्र्याचं घर येतं, टॅक्सीतली बंद खिडकी येते, गोळ्या लपवणारा मामा येतो. औषधाचं नाव क्वचितच येतं. नणंदेचं म्हणणं असं, की तिनं क्षयावर इतकी वर्षं घालवली, पण टॅक्सीच्या खिडकीवरून भांडण होतं हे तिला त्या पोरांनी शिकवलं. माझ्या मते संवाद म्हणायचं ते याला. बाकी सगळं पत्रक वाटणं.


आडवाटेची_आत्या | मंगळ, दुपारी ४:३६

वा. बंद खिडकी! आमच्या एसटीत शेवटच्या सीटवर हेच भांडण.

@सरकीपेंड, तुमच्या रखवालदाराचं काय मत होतं डासांबद्दल? सगळ्या चर्चेत त्याचं एकच वाक्य आलंय, तेही एका शब्दाचं.


सरकीपेंड | मंगळ, रात्री १०:२०

आत्या, धरलंत. खरं म्हणजे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. तुमचा प्रतिसाद वाचून आज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवला. माझं फ्रेंच मोडकं, त्याचं माझ्याहून बरं. त्याला बाना माहीत आहे. म्हणाला, तिकडं मेहुण्याचं सासर आहे, डास सोडल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, नाटक बघायला तोही गेला होता, नाटकातला म्हातारा फार हसवायचा. डास चांगले की वाईट यावर म्हणाला, "सोडले तेव्हा मला विचारलं नाही, थांबवले तेव्हाही नाही विचारलं."

मग मी उत्साहानं पुण्याच्या लशीचं सांगितलं. त्याच्या नातीला २०२४ मध्ये मलेरियाची लस मिळालीय. तो म्हणाला थांब, आणि कार्डाचा फोटो पाठवला.


वढूचा_वाटाड्या | मंगळ, रात्री १०:३१

आणि? पुण्याची?


सरकीपेंड | मंगळ, रात्री १०:३८

नाही ना. कार्डावर आरटीएस,एस लिहिलंय, ती आधीची दुसरी लस. बुर्किनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरुवात त्या लशीनं केली. आर२१ चा सार्वजनिक लसीकरणात पहिला मान जुलैत शेजारच्या आयव्हरी कोस्टला गेला. चाचणीची पोरं नानोरोची, पण नातीला मिळाली दुसरीच. मी हे त्याला सांगायला गेलो तर म्हणाला, "यंदा पावसात एकदाच ताप आला तिला. कुठली का असेना."